उरलेली खोली नकाशात काय म्हणून दाखवायची?

घर बांधताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या नव्या घराचं काम जोत्यापर्यंत आलं आहे. वरच्या मजल्यावर दोन बेडरूम ठरल्या आहेत. तळमजल्यावर जिन्याला लागून 10 बाय 9 फुटांची एक खोली उरते आणि तिच्यावरून घरात रोज चर्चा चालू आहे. सासूबाईंना तिथे सामानाची खोली हवी आहे. यांचं काम बरंचसं घरून चालतं, त्यांना टेबल टाकून दार लावून बसायचं आहे. मला वाटतं, कुणी मुक्कामाला आलं तर हक्काची खोली असावी. कोपऱ्यात छोटं बाथरूमही काढावं. कंत्राटदार म्हणतात, ‘नकाशात स्टोअर दाखवा. खिडकी लहान चालते, उंचीही कमी चालते, वर माळा मिळेल. नंतर कसंही वापरा.’ आर्किटेक्टनी निर्णय आमच्यावर सोडला आहे. काय लिहायला सांगू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं ‘नंतर कसंही वापरा’ हे वाक्य मला फार खटकलं. बेडरूम म्हणून बांधलेल्या खोलीत उद्या सामान ठेवायचं ठरलं, तर एका दुपारचं काम आहे. स्टोअर म्हणून बांधलेल्या खोलीत उद्या माणूस झोपवायचा ठरला, तर भिंत फोडून खिडकी मोठी करा, नवा लिंटेल टाका, दाराची चौकट बदला, आणि स्लॅबच खाली घेतला असेल तर हात टेकण्यावाचून काही उरत नाही. म्हणून माझा सल्ला सरळ आहे. ही खोली रात्री कुणीतरी झोपेल असं धरून बांधा आणि कागदावरही बेडरूमच लिहा. आज तिथे टेबल येईल की पलंग, हे नंतर ठरू द्या.

झोपेचाच निकष का, तर नियमांमध्ये तो सगळ्यांत कडक असतो आणि त्यामागे कारण आहे. जागा माणूस धूर दिसला की बाहेर पडतो. झोपलेल्याला धुराच्या वासाने जाग येईलच असं नाही, आणि आली तरी अंधारात दार शोधायला वेळ लागतो. म्हणूनच अमेरिकेतल्या घरबांधणीच्या आदर्श संहितेत धुराचा अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीत आणि शिवाय तिच्या बाहेरही लावायला सांगितला आहे. त्याच संहितेत गॅरेजचं दार थेट झोपायच्या खोलीत उघडायला मनाई आहे.

आता तुमची खोली मापात बसते का ते पाहू. 10 बाय 9 म्हणजे 90 चौरस फूट, साधारण 8.4 चौरस मीटर. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरातली एक खोली किमान 9.5 चौरस मीटर असेल, तर दुसरी 7.5 चौरस मीटर आणि 2.1 मीटर रुंद असली तरी राहण्याची खोली म्हणून चालते. इंग्लंडच्या 2015 च्या जागेच्या मानकातही एकट्याच्या बेडरूमला 7.5 चौरस मीटरच लागतात, रुंदी 2.15 मीटर, दोघांच्या बेडरूमला मात्र 11.5. अमेरिकेची संहिता 70 चौरस फुटांवर समाधान मानते. म्हणजे एका माणसाची बेडरूम म्हणून तुमची खोली या तिन्ही ठिकाणी उत्तीर्ण होते. दोघांसाठी ती लहान आहे, हे मनाशी पक्कं ठेवा. तुमच्या गावाचा स्वतःचा नियम असेल तर शेवटचा शब्द त्याचा; तो आर्किटेक्टकडून लेखी मागून घ्या.

पण तुमचं कोपऱ्यातलं बाथरूम या हिशेबात बसत नाही. संडास-बाथरूम एकत्र करायचं तर आपल्या राष्ट्रीय संहितेप्रमाणे किमान 2.8 चौरस मीटर लागतात. 8.4 मधून 2.8 गेले की उरले 5.6, आणि भिंतीची जाडी अजून धरलेलीच नाही. बाथरूम मिळेल, खोली जाईल. अशा खोल्या मी पाहिल्या आहेत. पलंग टाकला की कपाटाचं दार अर्धवट उघडतं. त्याऐवजी तळमजल्याचं सामाईक बाथरूम या खोलीच्या भिंतीला लागून घेता येतं का ते पाहा. जोत्यापर्यंतच काम आलं आहे, तर सांडपाण्याचे पाईप हलवायला हीच वेळ आहे. खोलीतून दोन पावलांवर बाथरूमचं दार असलं की पुरे. ते बाथरूम मात्र थोडं ऐसपैस घ्या. व्हीलचेअर पूर्ण वळवायला सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. तेवढी आज नाही जमली तरी कमोडशेजारच्या भिंतीत आधाराचा दांडा नंतर बसवता येईल इतकी मजबुती ठेवा.

खिडकीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ‘लहान चालते’ हे तिथेच म्हटलं गेलंय. स्टोअरला दीड-दोन फुटांची उंचावरची झडप काढतात. तिच्यातून उजेड येतो, हवाही थोडी येते, माणूस बाहेर पडू शकत नाही. राष्ट्रीय संहितेत खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्रफळ हवामानावर ठरतं : कोरड्या उष्ण भागात जमिनीच्या एक दशांश, दमट उष्ण भागात एक षष्ठांश. तुमच्या 90 फुटांना त्याचे 9 ते 15 चौरस फूट होतात, आणि दार यात धरायचं नाही. 4 बाय 4 ची एक खिडकी घेतलीत तर 16 फूट झाले, प्रश्न मिटला.

मिटला असं कागदावर वाटतं. सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. बाहेर पडण्यासाठी किती जागा हवी याचं उत्तर अमेरिकी संहितेत नेमकं दिलं आहे : उघडल्यावर मोकळी जागा किमान 5.7 चौरस फूट, तळमजल्यावर 5 चालते. रुंदी किमान 20 इंच, उंची किमान 24 इंच. आणि खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून 44 इंचांपेक्षा वर नको. यात एक गोम आहे. 20 गुणिले 24 केलं तर जेमतेम सव्वातीन चौरस फूट होतात. म्हणजे दोन्ही किमान मापं एकदम धरून भागत नाही, एखादं तरी वाढवावंच लागतं. तुमच्याकडे हा नियम लागू असो वा नसो, माप म्हणून तो मला फार शहाणा वाटतो. 4 बाय 4 ची सरकती खिडकी अर्धी उघडली तर 2 बाय 4, म्हणजे 8 फूट; ती या मापात आरामात बसते. फक्त तिला पक्की जाळी ठोकू नका. चोरांसाठी गज हवेतच, तर त्यातला एक भाग आतून किल्लीशिवाय उघडेल असा करून घ्या. लोहाराला हे काम नवं नाही, सांगावं मात्र लागतं.

उंचीबद्दल थोडक्यात. राहण्याच्या खोलीला राष्ट्रीय संहितेत 2.75 मीटर, म्हणजे नऊ फूट उंची लागते. माळ्यासाठी पूर्ण स्लॅब खाली घेतला की ही खोली कायमची गेली. माळा हवाच असेल तर दाराच्या वर दोन फूट खोल असा पट्टा काढा, तेवढ्याने खोली गुदमरत नाही.

दाराबद्दल माझा आग्रह टोकाचा वाटला तरी ऐका. मी आखलेल्या एका घरात तळमजल्याची अशीच खोली अभ्यासिका होती. आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं आणि जिना चढणं बंद झालं. त्यांचा पलंग तिथे आला, आणि पुढची कित्येक वर्षं ती त्यांचीच खोली राहिली. तिथे दार रुंद होतं, उंबरा नव्हता, बाथरूम शेजारी होतं, म्हणून त्यांना वॉकर घेऊन स्वतःचं स्वतः जाता आलं. दुसऱ्याला हाक न मारता बाथरूमला जाता येणं ही आजारी माणसासाठी केवढी मोठी गोष्ट असते, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना सांगायला नको. तुमच्या दोन्ही बेडरूम वर आहेत. खाली जिना न चढता झोपता येईल अशी ही एकच जागा आहे. तेव्हा दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर धरा, म्हणजे चौकट त्याहून मोठी, आणि उंबरा नको.

आता कागदाचं. कुठल्या नावामुळे काय बदलतं, हे जागेगणिक वेगळं असतं. अमेरिकेत जिथे सार्वजनिक गटार नाही, तिथे अनेक ठिकाणी सेप्टिक टँक घरात किती माणसं आहेत यावर ठरत नाही, बेडरूम किती आहेत यावर ठरतो. एका बेडरूममागे दिवसाला 110 ते 150 गॅलन, म्हणजे सुमारे 415 ते 570 लिटर सांडपाणी धरतात. माणसं येतात-जातात, खोली राहते, हा त्यातला विचार. मग टँक लहान बसावा म्हणून चौथ्या खोलीला ‘ऑफिस’ लिहायचा मोह होतो. पण ऑफिस लिहिलेल्या खोलीत माणसं झोपू लागली की सांडपाणी बेडरूमइतकंच येतं. तुमच्याकडेही सेप्टिक टँक असेल तर तो तीन बेडरूमचा आहे का, हे आजच विचारा. खड्डा अजून झाला नसेल तर वाढवणं सोपं आहे. बेडरूमच्या संख्येवर दुसरं काही ठरत असेल, पार्किंग वगैरे, तर तेही आताच कळू दे.

या सगळ्यात एक गैरसमज पुष्कळांना असतो : भिंतीतलं कपाट असलं की बेडरूम, नसलं की नाही. मी पाहिलेल्या कुठल्याही संहितेत कपाट ही बेडरूमची अट नाही. जागा, उंची, उजेड, हवा आणि बाहेर पडायची वाट, एवढंच पाहिलं जातं.

राहिला आजचा वापर. इथे मी तुमच्या यजमानांच्या बाजूने आहे. काम रोजचं आहे, पाहुणा अधूनमधून येतो. टेबल खिडकीला काटकोनात ठेवा म्हणजे पडद्यावर उजेडाची तिरीप येणार नाही. दार भरीव फळीचं घ्या, पोकळ दारातून सगळं ऐकू येतं. भिंतीलगत 3 बाय साडेसहाचा दिवाण ठेवला की पाहुण्याची सोय झाली, आणि 90 फुटांतले वीसच गेले. विजेचे पॉइंट समोरासमोरच्या दोन्ही भिंतींत घ्या, दिव्याचं बटण दाराजवळ आणि उशाशी दोन्हीकडे. इंटरनेटच्या तारेसाठी रिकामा पाईप आत्ताच भिंतीत टाका.

सासूबाईंचं म्हणणं बाजूला सारू नका. सामानाला जागा नसली की ते सगळीकडे पसरतं आणि शेवटी याच खोलीत येऊन बसतं. दाराकडच्या भिंतीला अर्ध्या लांबीत, म्हणजे साडेचार फूट रुंद आणि दोन फूट खोल, छतापर्यंत कपाट करा. पूर्ण भिंतभर केलं तर खोली 72 फुटांवर येईल, ते नको. बाकीचं जिन्याखाली जाऊ द्या. दोन गोष्टी मात्र या खोलीत कधीच ठेवू नका : इन्व्हर्टरची शिसे-आम्लाची बॅटरी आणि गॅसवर चालणारी कुठलीही वस्तू. चार्ज होताना त्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि गॅस नीट जळला नाही तर कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, झोपेत तो कळतही नाही.

प्रश्न : आमच्या वरच्या मजल्यावर एक खोली जास्तीची आहे. बेडरूम म्हणून मंजूर आहे, पण आम्ही तिन्ही भिंतींना पुस्तकांची कपाटं करणार आहोत. स्लॅब अजून पडायचा आहे. याची वेगळी नोंद करावी लागते का?

उत्तर : मंजुरीच्या कागदात बहुधा नाही. इंजिनीअरला मात्र नक्की सांगावं लागतं, आणि स्लॅब पडण्याआधी तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला.

घरातल्या खोल्यांचा स्लॅब भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागानुसार दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो वापराचा भार धरून आखतात. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या दालनांना त्याच मानकात किमान 6 किलोन्यूटन धरतात, म्हणजे तिप्पट. हा फरक उगाच नाही. मीटरभर फळीवरची पुस्तकं 30 किलोंच्या आसपास भरतात. सहा फळ्यांचं मीटरभर रुंद कपाट भरलं की 180 किलो, आणि ते उभं असतं जेमतेम 0.3 चौरस मीटरवर. भाग दिला की 600 किलो येतात.

तुमची खोली मात्र ग्रंथालयाचं दालन नाही, मधली जमीन मोकळी राहणार आहे. कपाटं भिंतींना लागून आहेत आणि त्यातल्या किती भिंतींखाली तुळई आहे, यावर बरंच अवलंबून आहे. तुळईवर उभं राहिलेलं कपाट स्लॅबला फारसं जड जात नाही. नुसत्या स्लॅबवर उभारलेल्या आतल्या पातळ भिंतीलगतचं जातं. म्हणून इंजिनीअरला ‘पुस्तकं ठेवणार’ असं मोघम सांगू नका. कुठल्या भिंतीला, किती लांब, किती उंच, हे कागदावर काढून द्या. लागलाच तर सळईत थोडा फरक करावा लागेल. खोलीची मंजुरी बेडरूमचीच राहू द्या, आणि खिडकीच्या भिंतीला कपाट करणार असाल तर खिडकी सोडून करा. सळई बांधून झाल्यावर इंजिनीअर तपासायला येतात, त्या दिवशी तुमचा तो कागद त्यांच्या हातात असू द्या.