कारभार हाती आल्यावर

चि. बाबू,

अनेक आशीर्वाद.

बापूंनी आपणहून कारभार तुझ्याकडे दिला, हे ऐकून बरं वाटलं. सातबारा मात्र अजून त्यांच्या उशाखालीच असेल. असू दे, त्याकडे शेवटी येतो.

घरात आणि गावात मान कसा राखायचा, असं तू विचारलंस. त्याआधी एवढं बघ: तू ओट्यावर पाय ठेवलास की बोलता बोलता कोण थांबतं? अधिकार ज्याच्या हाती असतो त्याला तो जाणवत नाही. ज्याच्यावर चालतो त्याला नुसत्या पायरवावरून कळतो.

कापसाचंच घे. पऱ्हाटी निंदते, वेचते कोण? तुझी आई आणि तुझी बायको. बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडून निघतात, तरी ओटी भरून आणतात. गाडी जिनिंगला गेली की काट्यापाशी तू, भाव ठरवायला तू, चुकारा तुझ्या खात्यात. रात्री जेवताना बायकोनं "किती आले?" म्हटलं, तर "तुले काय करा लागते?" म्हणशील? यात शिवी नाही, मारहाण नाही. पण दोन हंगाम हे ऐकलं की माणूस विचारणंच सोडतो, आणि आपण चारचौघांत सांगतो, आमच्या घरी कधी वाद होत नाही. असल्या बिनवादाच्या घरांचा मला भरवसा वाटत नाही. काट्याची पावती खिशात ठेवू नकोस, दोघींसमोर वाच. त्या पैशाचं काय करायचं यावर भांडण झालं तर होऊ दे.

पाडव्याला सालगड्याचं साल ठरवशील. तू खुर्चीवर, तो खाली उकिडवा, मागची उचल अजून फिटायची आहे. अशात तो "हो जी" म्हणणारच. त्या होकारावर जाऊ नकोस. हिशेब वहीत लिही आणि त्याच्या शिकत्या पोराला वाचायला दे.

गावातही हेच. पूर्व विदर्भातली मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, 1951 साली गेली, ‘मालक’ ही हाक गेली नाही. 2011 पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तुझी काकू सदस्य आहे, पण फोन काका उचलतो. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असं कायद्यात आहे. बऱ्याच गावांत ती भरतच नाही, शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार सह्या गोळा करतो. तुमच्याकडे काय होतं ते काकूलाच विचार, आणि काका घरी नसताना विचार. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय निर्णय होत नाही. वेळ फार जातो म्हणतात. जाऊ दे की!

आता सातबारा. 1992 च्या लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याला आपल्या जमिनीवर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. बापूंचं मन वळव, तलाठ्याकडे अर्ज करा. आणि ताईचं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. राखीला आलेल्या बहिणीपुढे साडीसोबत हक्कसोडपत्र ठेवणारे भाऊ आपल्या पंचक्रोशीत कमी नाहीत. तुझ्या घरी तो कागद कोणी काढलाच, तर सहीआधी ताईला तो तिच्या घरी नेऊन चार दिवस विचार करू दे.

अर्जाची पोच घ्यायला विसरू नकोस.

तुझा,
गुरुजी