'सेकंड स्क्रीन'ला दुसरा पडदा म्हणावे का?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: टीव्ही चालू असताना आपल्या हातात जो मोबाइल असतो, त्याला 'सेकंड स्क्रीन' म्हणतात. विद्यार्थ्यांच्या निबंधात त्यासाठी 'दुसरा पडदा' किंवा 'दुय्यम पडदा' चालेल का?

'दुय्यम' नको. तो शब्द दर्जा सांगतो. दुय्यम निबंधक म्हणजे निबंधकाच्या हाताखालचा. टीव्ही लावून घरातले सगळे आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून बसले असतील, तर हाताखालचा पडदा कोणता? 'दुसरा' एवढा खटकत नाही, पण तोही क्रम ठरवून टाकतो, आणि हा क्रम मिनिटामिनिटाला बदलतो.

'पडदा' मात्र जरूर ठेवावा. हा शब्द फारसीतून आला तो आड करणारे कापड म्हणून; 'आडपडदा'त तो अर्थ अजून आहे. पुढे नाटकाचा पडदा, सिनेमाचा रुपेरी पडदा, टीव्हीचा छोटा पडदा असा तो झाकण्याकडून दाखवण्याकडे सरकला. गोव्यात जत्रेतल्या नाटकांमुळे पडद्याची ओळख पोरासोरांनाही असते. 'पटल' संगणकाच्या पुस्तकांत आढळते, पण विधिमंडळात कागदपत्रे पटलावर 'ठेवतात'. निबंधात त्याने घोटाळाच होईल.

माझी पसंती 'जोडपडदा'. 'जोड' दोन तऱ्हांनी लागतो. जोडाक्षरातली अक्षरे एकमेकांत मिसळतात. जोडधंद्यात मुख्य धंदा शेतीच असतो आणि दुभती जनावरे तिला हातभार लावतात. मोबाइल टीव्हीवरच्या कार्यक्रमाला असा हातभार लावत असेल, तर 'जोडपडदा' नेमका बसतो. 'कौन बनेगा करोडपती' बघताना २०१७ पासून मोबाइलवर तेच प्रश्न सोडवता येतात, तो जोडपडदा. एफसी गोवाचा सामना टीव्हीवर चालू आहे आणि गुणतक्ता मोबाइलवर उघडला आहे, तोही जोडपडदा.

पण मालिका चालू असताना व्हॉट्सॲपवर गप्पा चालल्या असतील, तर जोड कसली? दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. इथे नाम शोधण्याचा हट्ट सोडावा, असे मला मनापासून वाटते. हे काम मराठी क्रियापदांनी फार बारकाईने करते. 'टीव्ही बघताना मोबाइल चाळतो' आणि 'मोबाइल बघताना टीव्ही लावून ठेवतो' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. मुख्य कृती वाक्याच्या शेवटच्या क्रियापदात आहे, आणि 'बघणे'च्या जागी 'लावून ठेवणे' आले की लक्ष कुठे नाही तेही कळते. घरात कोकणी बोलणाऱ्या मुलांना हे समजावणे अवघड नाही. त्यांच्या 'पळयतना'तला '-तना' आणि आपल्या 'बघताना'तला '-ताना' एकच काम करतात. फक्त 'बघता बघता' जपून वापरावे. त्याला 'पाहता पाहता, क्षणार्धात' असाही अर्थ चिकटलेला आहे, म्हणून 'टीव्ही बघता बघता मोबाइल हातात आला' हे वाक्य दोन्हीकडे झुकते.

क्रमाबद्दल आणखी एक. थेट सामना टीव्हीवर आणि मोबाइलवर एकाच क्षणी दिसत नाही. इंटरनेटवर चित्र लहान लहान तुकड्यांत येते आणि काही तुकडे साठवून मग दाखवले जाते, त्यामुळे मोबाइल सहसा काही सेकंद मागे राहतो. मोबाइलवर सामना बघणाऱ्याला शेजारच्या घरातला 'गोल!' आधी ऐकू येतो, तो यामुळे. अशा वेळी 'मागचा पडदा' म्हटले तर ते अगदी शब्दशः खरे असते.

शिक्षिकेने 'अनेक उपकरणे' याबद्दलही विचारले आहे. 'बहूपकरणी' वगैरे घडवू नये, वाचणारा अडखळतो. गूगलने २०१२ साली अमेरिकेत केलेल्या पाहणीत दोन सवयी वेगळ्या मांडल्या होत्या: एकाच वेळी अनेक पडदे, आणि एकामागून एक पडदे. पहिलीचे वर आलेच. दुसरी म्हणजे म्हापसा-पणजी बसमध्ये मोबाइलवर अर्धा पाहिलेला सिनेमा घरी टीव्हीवर पुढे बघणे. त्याला जोडपडदा म्हणू नये, कारण तिथे एका वेळी पडदा एकच असतो. लोक त्यासाठी 'टीव्हीवर टाक', 'टीव्हीवर घे' असे सर्रास म्हणतात. निबंधातही तेच लिहू द्यावे, लाल शाईने खोडू नये.