‘तिकीट’ या शब्दाचे नेमके अर्थ किती?

गाडीचं तिकीट, पोस्टाचं तिकीट, निवडणुकीचं तिकीट आणि ऑफिसात ‘रेज’ करायचं, म्हणजे तक्रार नोंदवायचं, तिकीट, या सगळ्यांना एकच शब्द कसा, असं तुम्ही विचारलंय. मी मुद्रितशोधनाचं काम करतो, त्यामुळे हा शब्द रोज नजरेखालून जातो. अर्थ ओळखायचा तर पुढचं क्रियापद बघा.

प्रवासाचं, नाटकाचं तिकीट आपण काढतो, जसा विमा काढतो, कर्ज काढतो. दारावरचा माणूस ते फाडतो. पोस्टाचं तिकीट लावतात, चिकटवतात. पक्षाचं तिकीट मागतात; ते मिळतं, नाहीतर कापलं जातं. आणि ‘वरचं तिकीट’ म्हटलं की विषय मृत्यूचा.

यातलं पोस्टाचं तिकीट माझं सगळ्यात आवडतं. इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी चिकटवणं, डकवणं आहे. शिष्टाचार या अर्थाचा ‘एटिकेट’ही त्याच कुळातला. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये पेनी ब्लॅक हे पहिलं टपाल तिकीट निघालं, त्याला इंग्रज ‘स्टॅम्प’ म्हणाले. मराठीने मात्र तिकीट म्हटलं आणि नकळत शब्दाचा मूळ अर्थ जपला. मला याचं फार अप्रूप वाटतं!

निवडणुकीचा अर्थ अमेरिकेकडे नेतो. १९व्या शतकात तिथले पक्ष आपल्या उमेदवारांची छापील यादी मतदारांच्या हातात देत आणि तीच मतपेटीत पडे. त्या यादीला ‘टिकेट’ म्हणत. यादीत नाव आलं म्हणजे उमेदवारी मिळाली.

ऑफिसातलं तिकीट परकं वाटतं, पण त्याचं रेल्वेच्या तिकिटाशी साम्य आहे. १८३० च्या दशकात इंग्लंडमधले स्टेशनमास्तर थॉमस एडमंडसन यांनी छापील क्रमांकाची पुठ्ठ्याची तिकिटं आणली. क्रमांकामुळे विकलेल्या प्रत्येक तिकिटाचा हिशेब लागू लागला. तुमच्या तक्रारीलाही असाच क्रमांक मिळतो, आणि काम होईपर्यंत ती त्याच क्रमांकाने शोधता येते. म्हणून तक्रार नोंदवल्यावर तो क्रमांक लिहून ठेवा.

जाता जाता शुद्धलेखनाचं. ‘तिकीट’ मधली ‘की’ दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: तिकिटाचा, तिकिटावर, तिकिटे. ‘तिकीटाचा’ हे मी रोज दुरुस्त करतो.