हृदयाचा सर्जन घडतो कसा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मुलीला हृदयाची सर्जन व्हायचंय, पण तिचे हात किंचित थरथरतात. तिने हा विचार सोडावा का? आणि या शाखेत सुरुवातीला शिकवतात तरी काय?

उत्तर : थोडीफार थरथर प्रत्येकाच्या हातात असते. करंगळी किंवा मनगट कशावर तरी टेकवलं की ती बरीचशी थांबते, म्हणून टाके घालताना हात अधांतरी ठेवायचे नाहीत हे आधीच बजावलं जातं. जागरण आणि जास्तीची कॉफी थरथर वाढवते. टेकवूनही ती जात नसेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं, एरवी एवढ्यावरून करिअर ठरवू नये.

काम हाती येण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. बायपाससाठी पायातली शीर काढणं हे पहिलं काम. दिसायला सोपं, पण बिघडवायलाही तितकंच सोपं. गळती तपासण्यासाठी शीर सिरिंजने जोरात फुगवली तर आतला नाजूक थर दुखावतो आणि तीच शीर पुढे लवकर बंद पडते. शिरेत झडपा असतात, म्हणून ती उलटी जोडावी लागते : पावलाकडचं टोक महाधमनीला, मांडीकडचं हृदयाच्या धमनीला. ही दिशा चुकली तर रक्त पुढे सरकतच नाही. त्यानंतर छातीचं मधलं हाड कापायला मिळतं. करवत चालताना भूलतज्ज्ञाला श्वास थांबवायला सांगतात, नाहीतर फुगलेलं फुप्फुस पात्याजवळ येतं. मग रुग्णाला हार्ट-लंग मशीनशी जोडणाऱ्या नळ्या घालणं, महाधमनीवरचे जोड, आणि सगळ्यात शेवटी हृदयावरचे.

तिथे धमनी असते दीड-दोन मिलिमीटरची आणि दोरा ७-० किंवा ८-० चा, केसाहून बारीक. भिंग लावलेला चष्मा घालूनच हे काम होतं. धमनीत सुई आतून बाहेर काढायची. बाहेरून आत टोचली तर भिंतीवरचा चरबीचा थर सुटून रस्ता अडवू शकतो. नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका दोन. दोरा जास्त ओढल्याने जोड बटव्याच्या तोंडासारखा आवळतो, किंवा टोकाच्या टाक्यात मागची भिंतही ओवली जाते. म्हणून गाठ मारण्याआधी बारीक सळई आत घालून रस्ता मोकळा आहे ना, हे बघतात. हे सगळं डुकराच्या हृदयावर टेबलाशी बसून गिरवता येतं, आणि गिरवावंच.

प्रश्न : ऑपरेशनसाठी हृदय थांबवतात म्हणजे नेमकं काय करतात? मधेच मशीन बंद पडलं तर?

उत्तर : हृदय थांबलेलं असताना हार्ट-लंग मशीन रक्तात प्राणवायू मिसळून ते शरीरभर फिरवतं. अमेरिकन सर्जन जॉन गिबन यांनी १९३० च्या दशकात या मशीनवर काम सुरू केलं आणि ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात त्याच्या आधारावर एका १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बंद केलं. पुढचे रुग्ण दगावले तेव्हा त्यांनी स्वतः थांबायचं ठरवलं. १९५५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी त्याच मशीनमध्ये सुधारणा करून काम पुढे नेलं. एकाच्या हातून अर्धवट राहिलेलं दुसऱ्याने पूर्ण करायचं, ही या शाखेची रीतच आहे.

आजची पद्धत अशी. आधी शिरेतून हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध, वजनाच्या किलोमागे ३०० ते ४०० युनिट. मग रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. एरवी १०० ते १३० च्या आसपास असणारा हा आकडा बहुतेक ठिकाणी ४८० च्या वर गेल्याशिवाय मशीन सुरू करत नाहीत. आकडा वाढतच नसेल तर बऱ्याचदा रक्तात अँटिथ्रॉम्बिन, म्हणजे हेपॅरिन ज्याच्यामार्फत काम करतं ते प्रथिन, कमी असतं. मग नुसतं हेपॅरिन ओतत बसण्यापेक्षा अँटिथ्रॉम्बिन किंवा प्लाझ्मा द्यावा लागतो. त्यानंतर महाधमनीला चिमटा लावून हृदयाच्या धमन्यांत पोटॅशियमयुक्त थंड द्रावण सोडतात आणि हृदय थांबतं. रक्तात मिसळलेलं नेहमीचं द्रावण साधारण दर २० मिनिटांनी पुन्हा द्यावं लागतं. १९५५ मध्ये मेलरोझ यांनी पोटॅशियम सायट्रेट वापरलं होतं. त्या तीव्रतेने स्नायूलाच इजा होते हे कळल्यावर पद्धत मागे पडली. १९७० च्या दशकात पोटॅशियम बरंच कमी करून ती परत आली.

वीज गेली तर बॅटरी असते. तीही दगा देईल म्हणून पंप हाताने फिरवायला हँडल असतं, आणि मशीन चालवणाऱ्या परफ्युजनिस्टने ते फिरवण्याचा सराव केलेला असतो. खरं भय शेवटच्या टप्प्यात. हृदयात हवा राहिली तर ती मेंदूत जाते, म्हणून अन्ननलिकेतल्या सोनोग्राफीवर बुडबुडे तपासतात. हेपॅरिनचा असर उतरवणारं प्रोटामिन घाईने दिलं तर रक्तदाब कोसळतो. आणि ते सुरू झाल्यावर सांडलेलं रक्त मशीनमध्ये ओढणारं सक्शन चालूच राहिलं तर मशीनमध्ये गुठळ्या होतात. म्हणून 'प्रोटामिन सुरू' हे मोठ्याने सांगायचं असतं.

प्रश्न : वडिलांच्या बायपासमध्ये एक वाहिनी छातीतली आणि दोन पायातल्या वापरल्या. सगळ्या छातीतल्याच का नाहीत?

उत्तर : छातीच्या आतली डावी धमनी दहा वर्षांनीही बहुतेकांत उघडी असते, पायातल्या शिरांपैकी मात्र जवळपास निम्म्या तोवर बंद किंवा अरुंद झालेल्या असतात. १९८६ मध्ये फ्लॉइड लूप आणि सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या नोंदींवरून छातीतली धमनी मिळालेले रुग्ण जास्त जगतात हे दाखवलं. मात्र कोणाला कोणती वाहिनी लावायची हे तेव्हा चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, त्यामुळे धडधाकट रुग्णांनाच धमनी मिळाल्याची शंका राहते.

मग दोन्ही बाजूंच्या धमन्या लावल्या तर आणखी फायदा? हे तपासणाऱ्या 'आर्ट' चाचणीत ३,१०२ रुग्ण होते. २०१९ मध्ये दहा वर्षांचा निकाल आला : मृत्यूंचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच, एकवीस टक्क्यांच्या आसपास. पण 'दोन धमन्या' गटातल्या सुमारे १४ टक्क्यांना प्रत्यक्षात एकच लावली गेली होती, आणि 'एक धमनी' गटातल्या पाचातल्या एकाला हातातली धमनी मिळाली होती. त्यामुळे वाद मिटलेला नाही. दोन्ही धमन्या काढल्या की छातीच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम चिघळण्याचा धोका वाढतो, विशेषतः मधुमेह आणि स्थूलपणा असेल तर. वडिलांना मधुमेह असेल तर सर्जनचा निर्णय योग्यच वाटतो.

प्रश्न : कॅन्सरसाठी फुप्फुसाचा भाग काढतात, तेव्हा किती काढायचं हे कशावरून ठरतं? रिकाम्या जागेचं काय होतं?

उत्तर : १९३३ मध्ये एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कॅन्सरसाठी अख्खं फुप्फुस यशस्वीपणे काढलं. पुढे एक खंड काढणं पुरेसं ठरलं. १९९५ च्या एका चाचणीत त्याहून कमी काढल्यास कॅन्सर त्याच जागी जास्त उलटतो असं दिसल्याने प्रश्न बराच काळ तिथेच राहिला. २०२२ मध्ये जपानी चाचणीने (१,१०६ रुग्ण, गाठ २ सेंटीमीटरपर्यंत) तो पुन्हा उघडला : खंडाचा फक्त एक विभाग काढलेल्यांपैकी पाच वर्षांनी ९४.३ टक्के जिवंत होते, पूर्ण खंड काढलेल्यांपैकी ९१.१. त्याच जागी उलटण्याचं प्रमाण मात्र विभागाच्या गटात दुपटीजवळ होतं, १०.५ विरुद्ध ५.४. दोन्ही आकडे एकत्रच वाचावेत.

जागा फारशी रिकामी राहत नाही. उरलेले खंड फुगतात, छाती आणि पोटामधला पडदा वर येतो, हृदय थोडं त्या बाजूला सरकतं. तोवर छातीत नळी ठेवतात, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात सुमारे २ सेंटीमीटर बुडालेलं. खोकल्यावर बुडबुडे येणं म्हणजे फुप्फुसातून हवा गळतेय. पाच दिवसांनंतरही गळत असेल तर ती लांबलेली गळती मानतात. अशी बुडबुडे येणारी नळी रुग्णाला हलवताना चिमटा लावून बंद करायची नाही. हवा आत कोंडून फुप्फुस दबतं आणि रक्तदाब पडतो. बाटली छातीच्या पातळीखाली ठेवून तशीच न्यावी.