आधी घरात सांगा

प्रश्न : मी 33 वर्षांचा असून बेळगावच्या शहापुरात राहतो आणि उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत अकाउंट्स विभागात नोकरी करतो. डिसेंबरमध्ये सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) इंटरमीडिएट परीक्षेचा पहिला ग्रुप द्यायचा आहे. मागच्या खेपेस चारही पेपरांत 40 च्या वर गुण होते, पण बेरीज 189 भरली आणि ग्रुप राहिला. सकाळी नऊला निघतो, परतायला साडेसात होतात. मग मुलीचा गृहपाठ, सासरची ये-जा आणि गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाची खजिनदारी असते. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजी पुस्तके जड जातात. रात्री अकरानंतर गच्चीवर मोबाईलवर लेक्चर बघतो (या वेळी घरी सांगितलेले नाही). रोजचे दोन तास कुठून काढू? वेळापत्रक आखून द्यावे.

उत्तर : तुम्ही नोकरीबद्दल लिहिलेत, सासुरवाडीबद्दल लिहिलेत, मंडळाबद्दलही लिहिलेत, आणि ज्या एका गोष्टीमुळे हे सगळे तुमच्या अंगावर येते आहे ती मात्र कंसात उरकलीत. तुम्ही परीक्षेला बसता आहात हे ज्या घरात कोणालाच ठाऊक नाही, त्या घराने तुम्हाला संध्याकाळी मोकळे का सोडावे? तुमच्या पत्नीला एवढेच दिसते की नवरा जेवण झाले की मोबाईल घेऊन गच्चीवर जातो आणि बाराच्या पुढे खाली येतो. त्यावर तिने अजून काही विचारले नसेल, तर तो तिचा मोठेपणा आहे. सासरची ये-जा तुम्ही अडचणींच्या यादीत घातलीत, पण नकार देण्याचे खरे कारण तिला कधी कळूच दिले नाहीत.

लपवण्याचे कारण मी ओळखू शकते. मागच्या वेळी सर्वांना माहीत होते आणि निकालानंतर गल्लीत जो तो विचारत राहिला, ते पुन्हा नको आहे. परंतु ग्रुपसाठी 400 पैकी 200 लागतात आणि तुम्ही 189 वर थांबलात. तोंड लपवावे असे त्यात मला काही दिसत नाही.

शिवाय हे गुपित टिकणारे नाही. डिसेंबरची परीक्षा साधारण महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येते, म्हणजे 11 तारखेच्या जीएसटीआर-1 च्या (विक्रीच्या रिटर्नच्या) ऐन गर्दीत, आणि 20 तारखेचा जीएसटीआर-3बी (कर भरण्याचा रिटर्न) पुढे उभाच असतो. त्या आठवड्यात अकाउंट्समधल्या माणसाला कोणता मालक ऐनवेळी रजा देईल? कोणाच्या तरी आजारपणाची थाप मारून रजा काढायचा बेत असेल, तर तो आत्ताच सोडून द्या. साहेबांना महिनाभर आधी सांगितलेत तर रिटर्नचे काम दुसऱ्याकडे सोपवता येईल.

म्हणून वेळापत्रक आज मागू नका. आज रात्री गच्चीवर न जाता पत्नीला समोर बसवून सांगा, फॉर्म दाखवा, आणि डिसेंबरपर्यंत संध्याकाळी साडेआठ ते दहा दार लावून बसणार आहे हे स्पष्ट करा. मुलीचा गृहपाठ तोपर्यंत कोणी घ्यायचा हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवा. मंडळाची वही दुसऱ्या कार्यकर्त्याच्या हाती द्या. शहापुरात हिशेब जाणणाऱ्यांचा दुष्काळ पडलेला नाही.

रोज दोन तासांचा हट्टही नको. तुमचा महिनाच सरळ नाही : 7 तारखेला टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायचा, मग 11, मग 20. त्या दिवसांत कायद्याचे आणि करांचे वाचन हलके ठेवा, आणि 21 पासून महिनाअखेरपर्यंत फायनान्शियल अकाउंटिंग व कॉस्ट अकाउंटिंगची गणिते हाताने सोडवा. दर रविवारी सकाळी तीन तास घड्याळ लावून एक पूर्ण पेपर कागदावर लिहा. चारही पेपरांत चाळिशी ओलांडूनही बेरीज कमी पडते, तेव्हा विषय कळतो पण वेळेत लिहून होत नाही असा माझा संशय आहे, आणि लेक्चर बघून तो दोष जात नाही.

इंग्रजीची तक्रार मात्र मला मान्य नाही. घरी मराठी, शॉपफ्लोअरवर कन्नड आणि जीएसटी पोर्टलवर इंग्रजी असा तुमचा दिवस जातो, मग पुस्तकाचेच भय का वाटावे? प्रोसेस कॉस्टिंगचा, म्हणजे टप्प्याटप्प्याने होणाऱ्या उत्पादनाचा खर्च काढण्याचा धडा उघडाल तेव्हा तुमच्याच फौंड्रीतले, ओतीव मालापासून तोडलेले जादा धातूचे रनर-रायझर डोळ्यांपुढे आणा. ओतकामात ठरलेली घट ही नॉर्मल लॉस, तिच्यापलीकडचे रिजेक्शन अॅबनॉर्मल. पहिलीचा खर्च चांगल्या मालाने सोसायचा, दुसरीचा थेट नफा-तोट्यात जायचा. हे तुम्ही रोज बघता. मुंबई-पुण्याच्या क्लासमधल्या पोरांनी ते फक्त आकड्यांत वाचलेले असते.

पत्नी काय म्हणाली ते कळवा. तिने साडेआठऐवजी पहाटे पाचची वेळ सुचवली, तर वाद न घालता तीच घ्या.