बारा व्होल्ट की आठ?

प्रश्न : माझा डेस्कटॉप संगणक २०१७ साली जुळवून घेतलेला असून त्यात रायझन ७ १७००एक्स हा प्रोसेसर आहे. यंदाच्या उन्हाळ्यात तो दोनदा आपोआप बंद पडला, म्हणून हार्डवेअर तपासणारी दोन मोफत सॉफ्टवेअर घेतली, तर त्यांचे आपसातच जमेना. एक प्रोसेसरचे तापमान ३८ अंश सांगते, दुसरे त्याच वेळी ५८. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, बारा व्होल्टची लाइन १२.०९६ दिसते, एका सॉफ्टवेअरमध्ये तीच ८.०६४ दिसते. रॅम २६६६ ची घेतली होती, ती सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १३३३ दिसते. दुरुस्तीवाल्याने आठ व्होल्टचा आकडा पाहताच एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारी पेटी) बदलायला सांगितले आहे. बदलावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : एवढ्यात बदलू नका. बारा व्होल्टची लाइन खरोखर आठवर आली असती, तर हा आकडा वाचण्यापुरताही संगणक चालू राहिला नसता, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा मुख्य पुरवठा याच लाइनवरून होतो.

मग ८.०६४ आले कुठून? मदरबोर्डवर विद्युतदाब, तापमान आणि पंख्यांचा वेग मोजणारी एक लहानशी चिप असते, आणि मोजण्याचे काम तीच करते. सॉफ्टवेअर तिने दिलेला आकडा केवळ वाचून दाखवते. अशी चिप साधारण दोन ते चार व्होल्टपर्यंतच मोजू शकते, म्हणून बारा व्होल्टचा दाब दोन रेझिस्टर लावून आधी कमी केला जातो आणि वाचताना पुन्हा तितक्याच पटीने वाढवला जातो. ही पट किती, हे मदरबोर्ड बनवणारा ठरवतो. बायोस त्याच्याच घरचा असल्याने त्याला ती ठाऊक असते. बाहेरच्या सॉफ्टवेअरला ती बोर्डाच्या मॉडेलवरून ओळखावी लागते आणि तिथे चूक होऊ शकते. आपण पाठवलेले आकडेच पाहा : १२.०९६ ला ६ ने भागले तर २.०१६ येतात आणि ८.०६४ ला ४ ने भागले तरी तेच २.०१६ येतात. चिपने दोघांनाही एकच आकडा दिला असून एकाने सहाची पट धरली आणि दुसऱ्याने चारची, असाच याचा अर्थ दिसतो. आकडे इतके चोख पाठवल्याबद्दल आपले आभार. बहुतेक पत्रांत ‘व्होल्टेज कमी दाखवतो’ एवढेच असते.

तरीही एसएमपीएसची खात्री मल्टिमीटरनेच करावी. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून काळी पिन चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरच्या काळ्या वायरला आणि लाल पिन पिवळ्या वायरला लावा, आणि संगणकावर जड काम चालू असताना आकडा पाहा. डेस्कटॉपच्या वीजपुरवठ्यासाठी असलेल्या एटीएक्स मानकाप्रमाणे तो ११.४० ते १२.६० च्या दरम्यान हवा. मीटरची स्वतःची बॅटरी उतरलेली असली तर तोही आकडा वाढवून दाखवू शकतो, म्हणून आधी एखादा नवा पेन्सिल सेल मोजून पाहावा. तो दीडच्या किंचित वर दिसला पाहिजे. एसएमपीएसची पेटी मात्र उघडू नये, कारण बंद केल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो.

तापमानातला फरक नेमका २० अंशांचा आहे, हे आपल्या लक्षात आले असेलच. १७००एक्स आणि १८००एक्स या प्रोसेसरांमध्ये एएमडीने पंख्यांच्या नियंत्रणासाठी दाखवायच्या तापमानात मुद्दामच २० अंश मिळवले होते, आणि हे कंपनीने २०१७ मध्येच जाहीर केले होते. ५८ हा तो वाढवलेला आकडा असून ३८ हे प्रोसेसरचे खरे तापमान आहे. रॅमचा खुलासा त्याहून सोपा आहे : डीडीआर प्रकारची रॅम घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती देते, सीपीयू-झेड ठोके दाखवते आणि खोक्यावर त्यांची दुप्पट छापलेली असते. १३३३ च्या ऐवजी १०६६ दिसले असते, तर बायोसमधली एक्सएमपी ही रॅम छापील वेगाने चालवण्याची सोय चालू करावी लागली असती.

एक गोष्ट पाळावी. दोन्ही सॉफ्टवेअर एकाच वेळी चालू ठेवू नयेत. दोघेही त्याच चिपला एकदम विचारू लागले की उत्तरांची सरमिसळ होऊन मधेच एखादा भलताच आकडा झळकतो.

आता राहिला मूळ आजार, जो या आकड्यांच्या भांडणात मागे पडला. एचडब्ल्यूइन्फो या हार्डवेअर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे फाइलमध्ये नोंदवत राहण्याची सोय आहे, ती चालू करून नेहमीचे जड काम करा आणि संगणक पुन्हा बंद पडला तर फाइलच्या शेवटच्या ओळी पाहा. तापमान चढत चढत जाऊन नोंद तुटली असेल, तर कूलरच्या पात्यांमध्ये साठलेली धूळ काढून प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) लावून घ्यावी. इतक्या वर्षांत जुनी पेस्ट वाळून गेलेली असण्याचीच शक्यता जास्त. तापमान स्थिर असतानाच नोंद तुटली असेल, तर संशय एसएमपीएसकडे वळतो, आणि तेव्हा दुरुस्तीवाल्याला मल्टिमीटर घेऊन बोलवावे. याच सॉफ्टवेअरमध्ये बारा व्होल्टचा आकडा चुकत असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये त्या ओळीला १.५ ने गुणायला सांगता येते, म्हणजे तिथेही १२.०९६ च दिसेल.