राजीनामा लिहिण्याआधी

"ताई, स्नायू कमजोर होत जाणार हे डॉक्टरांनी सांगून टाकलंय. मग आत्ताच नोकरी सोडून काहीतरी सोपं धरू का? नंतर त्यांनी काढलं तर फार लागेल मनाला."

इंदूरमध्ये हा प्रश्न मला वेगवेगळ्या लोकांनी विचारला आहे, आणि त्यांतले बरेचसे आयटीत काम करणारे होते. त्यांतल्या एकाची हकिगत त्याच्या संमतीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ३४, बॅकएंड डेव्हलपर. रामबागेत जुनं घर, ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. जिना चढताना कठडा धरावा लागायचा, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकावे लागायचे. घरच्या कार्यात तो पंगतीला बसायचं टाळू लागला, तेव्हा बायकोच्या लक्षात आलं. रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) खूप वाढलेलं निघालं, पुढे जनुकीय तपासणी झाली आणि निदान आलं: लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी. यात कमरेभोवतीचे आणि खांद्यांभोवतीचे स्नायू हळूहळू क्षीण होतात. हा आजार बरा करणारं औषध आज उपलब्ध नाही.

आईचं म्हणणं होतं की दिव्यांग कोट्यातून सरकारी फॉर्म भर. त्यात काही चूक नव्हती. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, आणि त्यातला ज्या गटाला १ टक्का मिळतो त्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे. पण त्याला कोड लिहायला आवडतं, आणि ते तो चांगलं लिहितो. बायको काहीच बोलत नव्हती. घराचा हप्ता किती, हे तिला पाठ होतं.

मी त्याला एवढंच सांगितलं, की राजीनाम्याचं नंतर बघू, आधी एक वही घाल. दिवसभरात अंग नेमकं कशाने थकलं, कशाची भीती वाटली, तेवढंच लिहायचं. आजाराबद्दल काही लिहायचं नाही.

ती वही वाचताना आम्ही दोघंही थांबलो, कारण टायपिंगचा उल्लेख त्यात जवळजवळ नव्हताच. होतं ते असं: कंपनीच्या बसची उंच पायरी. खांद्यावरची लॅपटॉपची बॅग. मीटिंग रूममधला खोल सोफा, ज्यातून सगळ्यांच्या देखत उठावं लागतं. स्वच्छतागृहातलं बुटकं कमोड. जेवणाच्या सुट्टीत कुणाचा धक्का लागून पडण्याची धास्ती. आणि टेबल उंच असल्यामुळे दिवसभर अधांतरी राहणारे खांदे. म्हणजे ज्याला तो 'माझं काम' म्हणत होता, ते त्याला थकवत नव्हतं. थकवा कामापर्यंत पोचण्यात आणि कामाभोवती होता. मॅनेजमेंटकडे वळावं, टायपिंग कमी होईल, असा त्याचा विचार चालला होता. तसं केलं असतं तर मीटिंगा वाढल्या असत्या आणि सोफेही.

या प्रकारच्या आजारात बहुतेकदा बोटांची ताकद खांद्यांपेक्षा बरीच जास्त काळ टिकते. त्यामुळे टेबल कोपरांच्या उंचीला आणणं, हाताला टेकू देणारी खुर्ची, माउसऐवजी ट्रॅकबॉल (हात न हलवता बोटांनी फिरवायचा गोळा), विंडोजमधलं स्टिकी कीज (दोन-तीन कळा एकदम दाबाव्या लागत नाहीत) एवढ्यानेच संध्याकाळचं दुखणं कमी झालं. खुर्चीची उंची मात्र जपून ठरवावी लागते. उंच खुर्चीतून उठणं सोपं, पण मग टेबलही वर न्यावं लागतं. हे फिजिओथेरपिस्टला दाखवूनच करावं.

त्यानंतर मी ज्यासाठी हट्ट धरला, तो आवाजाने कोड लिहिण्याचा सराव. विंडोज ११ मध्ये व्हॉइस ॲक्सेस आहे, मॅकवर २०१९ पासून व्हॉइस कंट्रोल आहे, आणि टॅलन नावाचं सॉफ्टवेअर तर प्रोग्रामर मंडळी कोड बोलून लिहायलाच वापरतात. त्याचं म्हणणं, हात चालतायत तर आत्ता कशाला? मी म्हटलं, हात चालतायत म्हणूनच आत्ता. कंस, अर्धविराम, फाइल बदलणं, प्रत्येकासाठी वेगळी आज्ञा जिभेवर बसायला वेळ लागतो. अंगात बळ असताना हे शिकणं त्रासाचं नसतं. गरज पडल्यावर शिकायला बसलं, तर प्रत्येक अडखळण्यात आजार दिसतो. रोज थोडा वेळ, फक्त कोडवरच्या टिप्पण्या बोलून लिहायच्या, इथून त्याने सुरुवात केली.

ऑफिसला सांगणं जास्त अवघड गेलं. त्याने लिहिलेल्या पहिल्या पत्रात निदान, जनुकाचं नाव, भविष्य सगळं होतं. ते आम्ही काढून टाकलं आणि मागण्या ठेवल्या: लिफ्टजवळची जागा, ठरावीक उंचीचं टेबल-खुर्ची, आठवड्यातले काही दिवस घरून काम. कायद्यात याला वाजवी सोय म्हणतात. समान संधी धोरण ठेवणं खासगी कंपन्यांनाही बंधनकारक आहे, म्हणून पत्रात कंपनीच्या त्या धोरणाचा उल्लेख केला. त्याला वाटायचं, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ४० टक्के लागल्याशिवाय काही मागता येत नाही. आरक्षणासाठी ती अट आहे. पण २०२१च्या विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वाजवी सोयीचा हक्क ४० टक्क्यांशी बांधलेला नाही. तरी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढाच. प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ७५ हजारांची आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते.

एचआरने आधी फिटनेस सर्टिफिकेट मागितलं. टेबल आलं, घरून कामाचे दिवसही मिळाले. पण मॅनेजरने त्याला न विचारता क्लायंटकडे जाणाऱ्या टीममधून काढलं, 'तुला त्रास नको' म्हणून. याचा राग यायलाच हवा होता, आणि त्याला तो आला याचं मला बरं वाटलं. त्याने मेल केली, की प्रवास झेपेल का हे मी ठरवेन. पुढच्या वेळी त्याला विचारलं गेलं. नाईट सपोर्टची पाळी मात्र अजून सुटलेली नाही.

मनाची बाजू वहीत आली नव्हती, ती बायकोकडून कळली. रोज सकाळी तो दोन्ही हात वर उचलून कालच्यापेक्षा किती कमी गेले ते बघायचा, आणि त्यावर दिवस कसा जाणार ते ठरायचं. मोजमाप दर सहा महिन्यांनी फिजिओथेरपिस्ट करतील, आपण करायचं नाही, असं ठरवलं. हृदयाची आणि श्वासाची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा. सवय एकदम गेली नाही, पण आता तो आधी चहा घेतो. कुणाच्या मनात जगणं नकोसं झाल्याचा विचार येत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास चालू असतो. तिथे लगेच बोला.

आणखी एक, हे पैशाचं. नोकरी सोडली की कंपनीचा गट आरोग्य विमा सुटतो, आणि निदानानंतर नवा विमा मिळणं अवघड आणि महाग असतं. घाईच्या राजीनाम्यात हा हिशेब बहुतेक कुणी मांडलेला नसतो.

नवीन नोकरीच्या मुलाखतीत सांगायचं का, हेही विचारलं जातं. मुलाखतीलाच रॅम्प किंवा जास्त वेळ लागणार असेल, तर आधी सांगा. नाहीतर माझ्या मते ऑफर हातात आल्यावर, रुजू होण्याआधी, लेखी सांगावं, आणि तेही फक्त काय लागेल तेवढंच. विम्याच्या आणि वैद्यकीय फॉर्मवर मात्र काही लपवू नका. लपवलेलं निघालं, तर दावा नाकारला जाऊ शकतो.